तिकीट कुठलं काढायचं: नॅसकारचं की शोरूमवाल्या गाड्यांचं?

अमेरिकेतल्या डेटोना या शर्यतीच्या ट्रॅकच्या पार्किंगमध्ये उभी असलेली एखादी नवी टोयोटा कॅमरी बघा. बॉनेटखाली आडवं बसवलेलं चार सिलिंडरचं हायब्रिड इंजिन, आत ऐसपैस चार-पाच माणसं. आता भिंतीपलीकडे ताशी ३०० किलोमीटरच्या घरात पळणारी नॅसकारची, म्हणजे अमेरिकेतल्या ‘स्टॉक कार’ शर्यतींमधली, ‘कॅमरी’ बघा. ५.८ लिटरचं व्ही-८ इंजिन, जोर मागच्या चाकांना, दरवाजे उघडतच नाहीत म्हणून ड्रायव्हर खिडकीतून आत शिरतो आणि हेडलाइट म्हणजे चक्क स्टिकर! दोघींचं नातं आडनावापुरतं. शेवरोलेची कॅमारो तर शोरूममधून कायमची गेली, तरी ट्रॅकवर पळतेच आहे.

मग याला ‘स्टॉक’ कार, म्हणजे दुकानात मिळते तशी गाडी, का म्हणायचं? सुरुवात खरोखर तशी होती म्हणून. १९ जून १९४९ ला शार्लट शहरातल्या मातीच्या ट्रॅकवर नॅसकारची अशी पहिली शर्यत झाली, तेव्हा नियमच होता की गाडी दुकानातून आली तशीच हवी. ग्लेन डनवे पहिला आला आणि तपासणीत बाद झाला. त्याच्या फोर्डच्या मागच्या स्प्रिंगा जास्तीच्या कडक केलेल्या निघाल्या. चोरटी दारू वाहणाऱ्यांची ही युक्ती: डिकी भरली तरी गाडी मागून बसत नाही आणि पोलिसांना संशय येत नाही. विजय गेला लिंकनवाल्या जिम रोपरकडे.

पुढे उलटंच झालं. शर्यतीसाठी गाड्या बनायच्या आणि नियम पाळायला म्हणून शोरूममध्ये ठेवायच्या. १९७० ची प्लिमथ सुपरबर्ड आठवा: चोचीसारखं नाक, मागे उंचच उंच पंख. गिऱ्हाईक फिरकेना, तेव्हा काही डीलरांनी पंख काढून त्या साध्या गाड्या म्हणून खपवल्या. त्यामुळे ‘पूर्वी सगळं अस्सल होतं’ म्हणून उसासे टाकणाऱ्यांचं मी फार मनावर घेत नाही.

आजची नॅसकारची गाडी २०२२ पासूनची, तिला ‘नेक्स्ट जेन’ म्हणतात. सांगाडा, गिअरबॉक्स, सस्पेन्शन ठरलेल्या पुरवठादाराकडूनच घ्यायचं; इंजिन मात्र शेवरोले, फोर्ड, टोयोटाचं आपापलं. पूर्वी चाकाला गोंदाने चिकटवलेले पाच नट असायचे आणि पिटमध्ये, म्हणजे शर्यतीच्या मध्येच टायर बदलायला थांबतात तिथे, नट काढायची गन पाचदा कुरकुरायची. आता मधोमध एकच नट.

फायदा दिसतो. पहिल्याच मोसमात १९ वेगवेगळे विजेते झाले. मे २०२४ मध्ये कॅन्ससच्या ट्रॅकवर काइल लार्सनने क्रिस ब्यूशरला ०.००१ सेकंदाने हरवलं. गाड्या सारख्या असल्या की हे होतं, आणि मग नजर ड्रायव्हरवर, टायर कधी बदलले त्यावर, पिटमधल्या माणसांवर जाते.

तोटेही खरे आहेत. छोट्या ट्रॅकवर ही गाडी कंटाळा आणते. पुढच्याच्या मागे लागून राहायचं, ओलांडता येत नाही. आणि मागचा भाग सुरुवातीला इतका ताठ होता की धडकेचा हिसका ड्रायव्हरच्या अंगावर यायचा. २०२२ मध्ये पोकोनोच्या ट्रॅकवर ड्रायव्हर कर्ट बुशच्या डोक्याला मार बसला. तो त्यानंतर पूर्ण वेळ परतलाच नाही. पुढच्या मोसमासाठी मागची रचना बदलावी लागली.

लबाडी थांबली म्हणाल तर तेही नाही. त्याच पोकोनोला, त्याच वीकेंडला, डेनी हॅमलिन जिंकला आणि गाडीच्या नाकावर, रंगीत आवरणाखाली, जास्तीची टेप सापडली म्हणून बाद झाला. १९४९ ला स्प्रिंग, २०२२ ला टेप.

आता दुसरी बाजू. शोरूमच्या गाडीवरून बनलेल्या शर्यतीच्या गाड्या बघायच्या तर अमेरिकेत मिशेलिन पायलट चॅलेंज ही शर्यतींची मालिका आहे: मस्टँग, बीएमडब्ल्यू एम४, पोर्शे केमन, टोयोटा सुप्रा, सगळ्या जीटी४ नियमांच्या, म्हणजे शोरूमच्या स्पोर्ट्स गाडीवरून शर्यतीची गाडी बनवायच्या नियमांच्या. इथे गाडीचा स्वभाव दिसतो. एक सरळ रस्त्यावर सुसाट, दुसरी वळणात चपळ. आवाजावरूनही ओळखू येतात. पण मुळातच वेगळ्या गाड्यांची बरोबरी करायला आयोजक एकीवर वजन लादतात, दुसरीच्या इंजिनाची ताकद आवळतात. मग कोण खरंच मागे आहे आणि कोण हातचं राखून पळतंय, याचा वाद मोसमभर. मला तो वाद शर्यतीपेक्षा कंटाळवाणा वाटतो.

तर, तुम्हाला गाड्यांचं वेड असेल, कुठलं मॉडेल कसं वळतं हे बघायचं असेल, तर जानेवारीत डेटोनाला २४ तासांच्या शर्यतीच्या आदल्या दिवशीची चार तासांची शर्यत गाठा. पॅडॉकमध्ये, म्हणजे संघ गाड्या तयार करतात त्या आवारात, हिंडता येतं, बॉनेट उघडलेली गाडी हाताच्या अंतरावर दिसते. चुरस हवी असेल तर नॅसकारच. पण मार्टिन्सव्हिलसारखा अर्ध्या मैलाचा ट्रॅक सोडून कॅन्सस किंवा शार्लटसारख्या दीड मैलाच्या ट्रॅकचं तिकीट काढा. खालच्या रांगा स्वस्त मिळतात म्हणून भुलू नका, तिथून जाळीआड नुसते रंगाचे फराटे दिसतात. वरची रांग घ्या आणि कानात बोळे घाला.