परतीच्या बाटलीतलं फल्ली तेल: नऊ महिन्यांच्या वापरानंतर

दिवाळीच्या आधीपासून आमच्या घरी लाकडी घाणीचं फल्ली तेल, म्हणजे शेंगदाण्याचं तेल, परतीच्या काचेच्या बाटलीतून येतं. घरात सात माणसं, महिन्याला पाच-सहा बाटल्या लागतात. गाव वर्धा जिल्ह्यातलं. घाणी बाजाराच्या गावी, सहा किलोमीटरवर. तेलाबद्दल पुढे लिहीनच, पण आधी बाटलीबद्दल. माझ्या सांगण्यावरून गावातल्या अकरा घरांनी ही पद्धत धरली आणि सहा घरांनी दोन महिन्यांत सोडली. तेल त्यांना आवडलं होतं. सोडलं ते बाटलीपायी.

पद्धत सोपी आहे. एक लिटरची पांढऱ्या काचेची बाटली, ४० रुपये अनामत. रिकामी नेऊन दिली की भरलेली मिळते, पैसे फक्त तेलाचे. बाटली जुनी असली तरी झाकण दर वेळी नवं, सीलचं, आणि चिठ्ठीवर भरल्याची तारीख. मी आधी घरची स्टीलची कॅन घेऊन गेले होते, तर घाणीवाल्या भाऊंनी हात जोडले. खाद्यतेल सुटं विकायला कायद्यानं मनाई आहे. १९९८ साली दिल्लीत मोहरीच्या तेलात पिवळ्या धोतऱ्याच्या बियांचं तेल मिसळलं गेलं, अंगावर सूज येऊन माणसं दगावली, त्यानंतर सुट्या तेलावर फार कडक नजर आली. एक बारीक गोष्ट: लिटरच्या बाटलीत साधारण ९१० ग्रॅम तेल बसतं. आमच्याकडे तेल किलोनं मोजायची सवय, त्यामुळे दोघी-तिघींना वाटलं की मापात मारलं. तसं नाही.

पहिली बाटली घरी आणली तेव्हा सासूबाईंनी ती उन्हात धरून पाहिली. काचेवर घासल्याच्या रेघा होत्या, बुडाशी जुन्या चिठ्ठीचा डिंक. म्हणाल्या, "हे शिशी कोनाच्या घरून आली, तुले मालूम आहे का? त्यात कोनं काय ठेवलं असंन?" पुढे ज्यांनी ज्यांनी बाटली सोडली, त्या सगळ्यांनी हाच प्रश्न मला आपापल्या शब्दांत विचारला.

याला शंकेखोरपणा म्हणणाऱ्यांशी माझं पटत नाही. आमच्या गावात कुठलाच डबा फेकला जात नाही. तेलाच्या पिप्यात गहू, बिस्किटांच्या बरणीत हळद, थंड्याच्या (कोल्ड्रिंकच्या) बाटलीत वावरात न्यायचं पाणी. पण हे कापसाचं रान आहे. उरलेलं फवारणीचं औषध पाण्याच्या बाटलीत ओतून गोठ्याच्या आढ्याला खोचून ठेवणारी घरं मी पाहिली आहेत, आणि औषधाचा रिकामा डबा धुऊन त्यातच पाणी नेणारेही. तो डबा फोडून वस्तीपासून लांब पुरावा असा नियम आहे. पाळतो कोण? शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात २०१७ च्या हंगामात फवारणीच्या विषबाधेनं वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर गेले. ते ज्यांनी जवळून पाहिलं त्यांनी अनोळखी बाटलीचा वास घेऊन पाहिला तर त्यांचं काय चुकलं?

त्याच घरांत लग्नाला आरओच्या गार पाण्याच्या वीस लिटरच्या कॅना येतात. त्यावर ना शिक्का ना तारीख, कॅन काल कुणाच्या मांडवात होती ते कुणी विचारत नाही. मी हे एकीला बोलून दाखवलं. ती म्हणाली, "पान्याची कॅन पान्याचीच असते." मला ते पटलं. कॅनचा आकारच सांगतो आत काय होतं ते. लांब मानेची बाटली काहीच सांगत नाही.

आमच्या लहानपणी घासलेटच्या शिशीच्या गळ्याला सुतळी बांधलेली असायची. अंधारातही हाताला कळायचं. तेच डोक्यात ठेवून मी भाऊंना म्हटलं, प्रत्येक घराला नंबर द्या, बुडावर रंगानं लिहा आणि ज्याची बाटली त्यालाच भरून द्या. त्यांनी डिसेंबरात सुरू केलं. सोडलेल्या सहापैकी चार घरं परतली. भाऊंचं काम मात्र फार वाढलं: बाटल्या वेगळ्या धुवायच्या, वेगळ्या मांडायच्या, बाजाराच्या दिवशी गर्दीत नंबर शोधायचे. हे ओझं मी त्यांच्यावर टाकलं याचं मला अजून वाईट वाटतं.

धुणं मी स्वतः उभी राहून पाहिलं आहे. कढत पाणी, धुण्याचा सोडा, लांब दांड्याचा ब्रश, दोनदा साधं पाणी, मग उलटी करून उन्हात. काच हे सोसते; थंड्याच्या प्लास्टिक बाटलीत कढत पाणी घातलं की ती आक्रसते, म्हणून ती पुन्हा भरायच्या कामाची नाही. जुन्या तेलाचा पातळसा थर जरी आत राहिला तरी नवं तेल लवकर खवटतं.

पावसाळ्यात गडबड झालीच. जूनच्या शेवटी ऊन नव्हतं, बाटली आतून ओली राहिली असावी. तेल गढूळ, तळाशी थेंब, आठवड्यात वास. भाऊंनी एक शब्द न बोलता बदलून दिली, पण त्या दिवसापासून मी बाटल्या घरून चुलीजवळ कोरड्या करूनच न्यायला लागले. आणखी एक अडचण आमच्याच घरची: भांडं रिकामं परत करू नये म्हणून सासूबाई बाटलीत चिमूटभर साखर टाकायच्या. मुंग्या लागायच्या. आता त्या साखरेची पुडी बाटलीसोबत वेगळी देतात, भाऊही घेतात.

तेल उत्तम. वरणावर कच्चं घातलं तरी फल्लीचा वास येतो. वर्ध्याला घाणी नवी नाही. १९३४ मध्ये गांधीजींचा ग्रामोद्योग संघ निघाला आणि वर्ध्यातल्याच मगनवाडीत सुधारलेली वर्धा घाणी तयार झाली, हे सासरे तेलाची बाटली दिसली की सांगतात. पाकिटातल्या सोयाबीन तेलाच्या दुपटीहून महाग पडतं, म्हणून तळणाला आम्ही पाकीटच वापरतो. पांढऱ्या काचेतून उजेड जातो, त्यानंही तेल बिघडतं. बाटली कपाटात ठेवा. भाऊंनी पुढच्या खेपेला तपकिरी काच आणावी असं मी त्यांना सांगून ठेवलं आहे.

मी स्वतः आता कुठल्याही नंबरची बाटली घेते. मागच्या बाजारी तीन नंबरची आणली, तर सासूबाईंनी बुड पाहून ती कपाटाबाहेरच ठेवली. "आपली सातची आनजो," म्हणाल्या. पुढच्या बाजारी सातच आणीन.