भरीत फर्मास, पण ‘आजींना फिकं’ कशाला?

भुसावळ-जळगाव रस्त्यावर खान्देशी जेवणाची बरीच हॉटेलं झाली आहेत, त्यातल्या एकाबद्दल लिहिते. नाव घालत नाही. तक्रार माणसांची आहे, उगाच कुणा पोराची नोकरी जायला नको.

आधी भरीत. बाहेर टोपलीत बामणोदची वांगी म्हणून पाटी आहे. हातात घेऊन पाहिली: लांब, हिरवट-पांढरी, वजनाला भरीव. मागच्या अंगणात काड्यांच्या जाळावर भाजतात आणि लाकडी मुसळीनं ठेचतात. मिक्सर लावत नाहीत, म्हणून गराचा धागा राहतो. हिरवी मिरची-लसूण, कांद्याची पात, शेंगदाणे, आणि तेलाचा हात सढळ. जळगावच्या भरिताच्या वांग्याला २०१६ मध्ये जीआय (भौगोलिक मानांकन) मिळाला, तो असल्या भरितामुळेच. कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची, भाकरी चुलीवरची, उडीद बेताचा. शेवभाजी मात्र नुसती तेलकट, घेऊ नका.

आता वागणूक. मी ७२ वर्षांची, जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेली. वेटर माझ्या खुर्चीला टेकून उभा आणि विचारतो माझ्या मुलाला, “दादा, आजींना काय आणू? फिकं वरण सांगू का?” मुलगा म्हणाला, “हो, तिला साधंच आण.” हा मुलगा ४६ वर्षांचा, खिशात अ‍ॅसिडिटीच्या गोळ्या घेऊन फिरतो! त्याच्या घरातलं भरीत आजही मीच करते, आणि तिखट लागलं की पाणी तोच मागतो. वय झालं की जीभ आणि नाक जरा मंदावतात, असं डॉक्टर सांगतात. मग मसाला कमी करायचा की वाढवायचा? मी भरीतच मागवलं, वर ठेचाही.

वेटर विशीतला, दुसऱ्यांदा आला तेव्हा सरळ माझ्याकडे बघून “मावशी, अजून भाकरी?” म्हणाला. शिकला. मालक शिकण्यातला नाही. पन्नाशीचा गृहस्थ, टेबलाशी येऊन एकेक शब्द तोडत, अर्धं हॉटेल वळून बघेल अशा आवाजात, “आजी, जे-व-ण आ-व-ड-लं का?” मला नीट ऐकू येतं हो. बिलाचा क्यूआर कोडही सुनेपुढे सरकवला. पैसे मी माझ्या मोबाईलवरून भरले, तर “अरे वा, आजींना जमतं!” पेन्शन दर महिन्याला खात्यावर येते, ती काय मी पोस्टकार्डानं काढते?

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या अहवालात म्हटलंय की जगात दर दोघांतला एक जण वयस्करांबद्दल असले ग्रह बाळगून असतो. आमच्या टेबलाभोवती प्रमाण जास्तच भरलं.

आणि खरी काळजी जिथं घ्यायची तिथं काय? स्वच्छतागृहाला दोन उंच पायऱ्या, फरशी ओली, धरायला कठडा नाही. माझे गुडघे दुखतात, हे मात्र कुणी विचारलं नाही. परत येताना सुनेचा खांदा धरावा लागला. एक लोखंडी पाइप बसवायला असा कितीसा खर्च येतो?

जेवणाला पाचपैकी साडेचार, वागणुकीला दीड. त्यातला एक त्या पोराचा. रविवारी जाणार असाल तर बारापर्यंत पोहोचा, एकनंतर भरीत संपतं.