पत्र्यावरची हिरवी जाळी: अख्खा उन्हाळा वापरल्यानंतर

वर्धा जिल्ह्यात शेतात घर बांधून राहायचं म्हटलं की उन्हाळ्यात खरा जाच पत्र्याचा. आमच्या गोठ्याला पत्रा, कोंबड्यांच्या खुराड्याला पत्रा, पडवीलाही पत्राच. यंदा गुढीपाडव्याच्या आधी या तिन्हींवर ७५ टक्क्यांची, म्हणजे तेवढं ऊन अडवणारी, हिरवी शेडनेट टाकली आणि मृगाचा पाऊस पडल्यावर उतरवली. घ्यायचा विचार करणाऱ्यांसाठी सविस्तर लिहिते.

सगळ्यात महत्त्वाचं आधी सांगते. जाळी पत्र्यावर नुसती अंथरू नका. नवऱ्याने लोखंडी पाइप उभे करून ती पत्र्याच्या हातभर वर ताणली, आणि सगळा फरक तिथेच पडला. जाळीने हवा थंड होत नाही; बाहेर ४५ अंश असेल तर सावलीतही जवळपास तेवढंच. पण पत्र्यावर पडणारं ऊन वरच अडतं, आणि मधून वारा खेळत असल्यामुळे तापलेल्या जाळीची उष्णता खाली उतरत नाही. गेल्या उन्हाळ्यात भर दुपारी गोठ्यात हात वर केला की तळव्याला पत्र्याची धग लागायची, तव्याजवळ हात नेल्यासारखी. यंदा ती लागली नाही. शेजारच्या वावरात जाळी पत्र्याला चिकटून टाकली आहे, तिथे धग अजून जाणवते.

आमची गाय गवळाऊ, म्हणजे इथलीच, उन्हाला काटक. तरी मे महिन्यात दुपारी ती वैरण सोडून मान लांब करून धापा टाकत उभी राहायची. यंदा दोन वाजता गोठ्यात गेले तर वासराशेजारी बसून डोळे मिटून रवंथ करत होती. माझ्यासाठी जाळीचे पैसे तिथेच वसूल झाले.

कोंबड्यांचं तर विचारूच नका. त्यांना घाम येत नाही. चोच उघडी ठेवून, पंख अंगापासून सोडून धापा टाकणं एवढाच उपाय. त्या धापांमध्ये अंगातला कार्बन डायऑक्साइड जास्त निघून जातो, आणि कवचाला लागणारं कॅल्शियम कार्बोनेट नीट बनत नाही. म्हणून गेल्या मे महिन्यात अंडं उचलताना हातातच पिचायचं. यंदा तसं क्वचितच झालं. अर्थात खुराड्याच्या बाजूंना ओली गोणपाटं आणि दिवसातून तीनदा ताजं पाणी हेही होतं. सगळं श्रेय जाळीला देणार नाही. मोत्याने मात्र आपली जागा बदलली नाही, रांजणाखालच्या ओल्या मातीत खड्डा करूनच झोपला. मनीला जाळीचा झोपाळा फार आवडला, पण तिच्या नखांनी पडवीवरचे धागे ओढले गेले.

वावटळीची काळजी आधीच घ्या. जाळीच्या भोकांत दोरी ओवून बांधलेला एक कोपरा एप्रिलमध्येच फाटला. कडेला तार धरून, त्यावर जाळी दुहेरी दुमडून दाभणाने नायलॉन दोरीची शिवण घातलेल्या बाजू मात्र शेवटपर्यंत टिकल्या. कापताना निघणारे धागे एकूणएक वेचून घ्या. गव्हाणीत पडले तर जनावर वैरणीबरोबर गिळतं, आणि प्लास्टिक पोटात साठून राहतं.

दुकानात नुसते टक्के विचारू नका, वजनही विचारा. त्याच ७५ टक्क्यांत पातळ जाळीही मिळते आणि जाडही. 'यूव्ही'ला टिकणारी आहे ना, हे विचारून घ्याच. नाहीतर उन्हाने ती कडक होऊन भुगा होते. काळी घेऊ नका, ती स्वतःच फार तापते. मेथी-कोथिंबिरीच्या वाफ्यांवर ५० टक्क्यांची पुरते, त्याहून दाट टाकली की रोपं उंच आणि लेचीपेची होतात. वाळवणाला जागा उघडी सोडा, कुरडया जाळीखाली नीट वाळत नाहीत.

पावसाळ्यात जाळी काढून टाका. गोठ्याला तेव्हा ऊन हवंच, नाहीतर जमीन ओली राहते आणि माश्या वाढतात. आम्ही गुंडाळी करून झाकणाच्या ड्रममध्ये ठेवली आहे, उंदरांपासून वाचायला.

नवऱ्याचं मत आहे की गोठ्यावर ९० टक्क्यांची टाकावी. मला नाही पटत. हातभर उंची ठेवली की ७५ पुष्कळ होते, हे डोळ्यांनी पाहिलंय. पडवीत मात्र हिरव्या जाळीने अंधारून येतं, धान्य निवडताना खडा दिसत नाही. तिथे पुढच्या वर्षी ५० टक्क्यांची पांढरी घेणार आहोत.