कोरीव हिंगुळी मण्यांचे कानातले : उन्हाळा आणि पावसाळा वापरून झाल्यावर

निकाल आधीच सांगून टाकतो. मणी टणटणीत आहे, कुरकुर आहे ती तारेची आणि दोऱ्याची. असे कानातले घेताना लोक कोरीवकाम निरखत बसतात. निरखायचं असतं मण्याचं भोक.

जोड असा : मधे 14 मिमीचा लाल कोरीव लॅकरचा (झाडाच्या चिकाच्या लेपाचा) मणी, त्याच्या वर-खाली काळ्या ऑनिक्स दगडाचा 4 मिमीचा मणी, चांदीच्या टोप्या, आणि खाली 11/0 मापाच्या (आकडा मोठा तितका मणी बारीक) काचमण्यांच्या सात सरांचं झुंबर. हुकापासून टोकापर्यंत साधारण 7 सेंमी. एका कानाला 4 ग्रॅमच्या आसपास वजन येतं, म्हणजे दिवसभर घातले तरी पाळी ओढली जात नाही. आकाराच्या मानाने मणी हलका असतो, कारण आत बहुधा लाकडाचा गाभा असतो.

हे काम मूळ चीनचं. लॅकरच्या झाडाचा चीक हिंगूळ (पाऱ्याचं लाल खनिज) घालून लाल करायचा, पातळ हात द्यायचा, दमट जागेत धरू द्यायचा, मग पुढचा हात. 1 मिमी जाडी यायला 15 ते 20 हात लागतात. चीक कोरडेपणात वाळत नाही. हवेत ओल असली तरच तो घट्ट होतो, आणि घाईने जाड थर दिला की वरून साय धरते नि आत ओला राहतो. जाडी पुरेशी झाली की, थर पुरता कडक होण्याआधी, सुरीने कोरतात. युआन राजवटीच्या काळातले (तेरावं-चौदावं शतक) झेजियांग प्रांतातल्या शीतांगचे झांग चेंग आणि यांग माओ हे यातले नावाजलेले कारागीर. मिंग राजवटीत योंगल बादशहाच्या काळात दरबारी कारखान्यांतून हे काम शिगेला पोचलं. बीजिंगचं कोरीव लॅकर 2006 मध्ये चीनच्या राष्ट्रीय अमूर्त वारशाच्या यादीत आलं.

बाजारात ‘सिनॅबार’ (हिंगुळाचं इंग्रजी नाव) म्हणून मिळणारे बहुतेक मणी मात्र साच्यातले असतात : राळ किंवा लाकडाचा भुसा, वर लाल रंग. भिंग घ्या, 10 पटीचं पुरे. कोरलेल्या पाकळीची कड धारदार दिसते आणि कापाच्या भिंतीवर थरांच्या बारीक रेघा सापडतात. साच्यातल्या नक्षीच्या कडा गोलसर, खोबणीत हवेचे बुडबुडे, मण्याच्या पोटावरून गेलेली सांध्याची रेघ, आणि दोन्ही मण्यांवरची फुलं हुबेहूब एक. हाताने कोरलेली दोन कमळं तंतोतंत जुळत नाहीत. सुई तापवून टोचायची ‘परीक्षा’ मुळीच करू नये : हिंगूळ म्हणजे पाऱ्याचा सल्फाइड, आणि तापवला की पाऱ्याची वाफ निघते. याच कारणाने मणी घासायचा नाही, भोक मोठं करायला ड्रिल लावायचं नाही, लहान मुलांच्या तोंडात जाऊ द्यायचा नाही. नुसता घातल्याने काही होत नाही.

आता भोक. ते साधारण 2 मिमीचं, आणि आतून गेलेली तारेची पिन 0.6 मिमीची. म्हणजे मणी पिनेवर डुलतो, प्रत्येक पावलाला टोपीची कड भोकाच्या ओठावर घासते, आणि लॅकरचा टवका उडतो तो नेमका तिथेच. उपाय स्वस्त आहे. पिनेवर 15/0 चे बारीक काचमणी ओवून ते भोकाच्या आत जाऊ द्यायचे. भोक पुरतं भरेल इतके ओवायचे. काही दाण्यांचं भोक अरुंद असतं, ते जबरदस्तीने न चढवता बाजूला टाकावेत. मणी मग मधोमध बसतो, हलत नाही. पिन 5 सेंमीची तरी घ्या, कारण वरचा फासा नुसता वळवलेला नको, त्याला मानेभोवती दोन-तीन वेढे हवेत. साधा फासा केसांत किंवा ओढणीत अडकला की उघडतो, आणि घरी येईपर्यंत कान एकच सजलेला असतो.

झुंबराचं दुखणं दोऱ्याचं. काचमण्यांच्या कडा नायलॉनचा दोरा हळूहळू कापतात आणि सर सुटतो तो कायम वरच्या कडीपाशी. मासेमारीची विणलेली, 6 पाउंड वजन पेलणारी दोरी वापरून पुन्हा गाठवलं की प्रश्न मिटतो. कडी डाग दिलेली, म्हणजे झाळलेली हवी; उघड्या कडीच्या फटीतून दोरा निसटतो. सोनेरी मुलाम्याचे काचमणी घामाने महिन्या-दोन महिन्यांत पांढुरके पडले, पक्क्या रंगाचे अपारदर्शक काळे जसेच्या तसे आहेत.

पावसाळ्यात चांदीचे हूक काळे पडले, त्यात नवल नाही. मात्र चांदी उजळायच्या द्रावणात अख्खा डूल बुडवू नका. हूक काढून वेगळा पुसा. लॅकरला दमट हवेचं वावडं नाही, वैर आहे ते उन्हाशी. खिडकीच्या उन्हात टांगून ठेवलेला मणी आधी तकाकी घालवतो, मग त्याचा लाल काळवंडतो. सावंतवाडीची खेळणी किंवा लाखेच्या बांगड्या हाताळणाऱ्यांचे आडाखे इथे चालत नाहीत : ती किड्याची लाख, उष्णतेने वितळते, स्पिरिटात विरघळते. हा झाडाचा चीक, एकदा पक्का झाला की दोन्हींना जुमानत नाही. तरी अत्तर फवारून झाल्यावरच घालावेत, कारण अत्तर खोबणीत साचलं की त्यावर धूळ बसते. साफसफाईला कोरडा मऊ रंगाचा ब्रश पुरतो.

एक सावधगिरी. लॅकरचं झाड आपल्या बिब्ब्याच्या कुळातलं, आणि कच्चा चीक बिब्ब्यासारखाच उततो. पुरता पक्का झालेला मणी सहसा त्रास देत नाही. नव्या मण्याला उग्र वास येत असेल तर काही आठवडे हवेशीर सावलीत राहू द्या, आणि बिब्बा उतणाऱ्यांनी तर नक्कीच.

टवका उडालाच तर लाल नेलपॉलिश लावू नका. त्याची चकाकी वेगळी दिसते, आणि पुढे काढायला गेलं तर शेजारची नक्षी बिघडते. टोपी एक नंबर मोठी घेतली की टवका तिच्याखाली झाकला जातो.