भाडेकरूंनाही सभेपूर्वी ऐकून घेणारी सोसायटी-व्यवस्थापन सेवा : एका भाडेकरूचे परीक्षण

पुण्याच्या पश्चिम भागातील आमच्या गृहनिर्माण संस्थेने हिशेब, नोटिसा आणि सभांचे कामकाज एका खासगी व्यवस्थापन कंपनीकडे सोपवले आहे. पुढे तिच्या काही त्रुटीही सांगायच्या असल्यामुळे तिचे नाव देत नाही. मी येथे लिव्ह अँड लायसन्स करारावर राहतो. वार्षिक सर्वसाधारण सभेच्या निमित्ताने ही सेवा भाडेकरूंसाठी काय करते, एवढाच या परीक्षणाचा विषय आहे.

या सेवेकडून काय मागता येईल, हे आधी कायद्याने ठरते. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० नुसार मताचा अधिकार सभासदाचा असून नाममात्र सभासदालाही, म्हणजे मालकी हक्क नसलेल्या, नोंदीपुरत्या सभासदालाही, मत नसते. मालक परदेशी असला, तरी त्याच्या वतीने प्रतिनिधी म्हणून किंवा मुखत्यारपत्र दाखवून कोणालाही सर्वसाधारण सभेत बसता येत नाही, असे आदर्श उपविधी, म्हणजे संस्थांसाठीची नमुना नियमावली, सांगतात. १९७०च्या अपार्टमेंट मालकी अधिनियमाखालील इमारतींमध्ये मतासाठी सामाईक मालमत्तेतील प्रत्येकाच्या अविभक्त हिश्श्याचे प्रमाण पाहिले जाते. पण तेथेही हक्क मालकाचाच. मात्र भाडेकरूचे म्हणणे सभेपूर्वी ऐकून घेण्यास आडकाठी करणारी तरतूद माझ्या वाचनात आलेली नाही. कंपनीने नेमकी हीच जागा हेरली आहे, आणि तिच्या कामातील सर्वांत शहाणपणाचा भाग मला हाच वाटतो.

सभासदांना चौदा दिवस आधी नोटीस जाते, त्याच वेळी भाडेकरूंना ॲपवर कार्यक्रमपत्रिकेतील निवडक विषय दिसतात : पाणी, लिफ्ट, पार्किंग, सुरक्षारक्षक, क्लब हाऊसचे नियम. ताळेबंद आणि थकबाकीदारांची यादी दिसत नाही, ते योग्यच आहे. सूचना आल्या की कंपनीचा व्यवस्थापक सभेच्या आदल्या रविवारी समितीसोबत भाडेकरूंची वेगळी बैठक घेतो आणि तिचे टिपण सभेपुढे ठेवतो. गेल्या वेळी टँकरच्या वेळेचा प्रश्न याच मार्गाने सभेत गेला आणि सुटला. दिवसभर घरी राहून टँकरची वाट पाहणारे बहुतेक भाडेकरूच होते, त्यामुळे मालकांच्या सभेत तो आपण होऊन निघण्याची शक्यता कमीच होती.

तक्रार आहे ती सूचना नोंदवण्याच्या पद्धतीबद्दल, आणि ती किरकोळ नाही. ॲपवर सूचना लिहिली की तिची प्रत सदनिका क्रमांकासह मालकाला आपोआप जाते. सदनिका मालकाची असल्याने त्याला कळायला हवे, असे कंपनीचे म्हणणे आहे. मालकाचा हक्क मान्य केला, तरी ज्याची अनामत रक्कम मालकाच्या हातात आहे आणि ज्याचा अकरा महिन्यांचा करार संपत आला आहे, तो माणूस समितीविरुद्ध दोन ओळी लिहिताना दहा वेळा विचार करणार. आमच्या मजल्यावरील एका कुटुंबाने गळतीबद्दल तोंडी सांगितले, पण ॲपवर लिहिण्यास साफ नकार दिला. परिणामी टिपणात सुरक्षारक्षकाच्या शिट्टीसारखे निरुपद्रवी विषयच अधिक येतात. सूचना फक्त व्यवस्थापकाला दिसाव्यात आणि टिपणात सदनिका क्रमांक नसावा, एवढा बदल करणे कंपनीला अवघड नसावे.

दुसरी त्रुटी तांत्रिक आहे. करार संपण्याच्या दिवशीच भाडेकरूचे खाते बंद होते. नवा नोंदणीकृत करार अपलोड होऊन तपासला जाईपर्यंत त्याला कोणतीही नोटीस मिळत नाही. वार्षिक सभा ३० सप्टेंबरपर्यंत घ्यावयाची असल्याने बहुतेक सभा ऑगस्ट-सप्टेंबरमध्येच होतात. ज्यांचे नूतनीकरण त्याच सुमारास येते, ते भाडेकरू बैठकीला मुकतात. शिवाय भाडेकरूंचे टिपण कार्यक्रमपत्रिकेत ‘अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळचे विषय’ या सदरात शेवटी टाकले जाते, तोपर्यंत निम्मे सभागृह चहाकडे वळलेले असते.

खर्चाबद्दल थोडे. सेवेचे शुल्क देखभाल शुल्कातून जाते. भाडेकरूकडून वेगळे काही घेतले जात नाही. भाड्याने दिलेल्या सदनिकांवर संस्था सेवा शुल्काच्या १० टक्क्यांपर्यंत बिनभोगवटा शुल्क (मालक स्वतः राहत नसल्याबद्दलचे शुल्क) आकारू शकते, ही मर्यादा शासनाने २००१मध्ये घातली आहे. ते भरतो मालक. पण भाडे ठरवताना त्याचा हिशेब धरला जातो, हे सर्वांनाच ठाऊक आहे. त्यामुळे भाडेकरूंसाठीची ही सोय कोणी फुकट देत आहे, असे मानण्याचे कारण नाही.

ज्या संस्थांमध्ये भाडेकरूंची संख्या मोठी आहे, त्यांनी ही सेवा अवश्य विचारात घ्यावी, पाचपैकी साडेतीन तारे. करारपत्रावर सही करण्यापूर्वी समितीने तीन गोष्टी लेखी मागून घ्याव्यात : मालकाला जाणारी प्रत बंद करण्याची सोय, नूतनीकरणाच्या काळात खाते महिनाभर चालू ठेवण्याची मुभा आणि भाडेकरूंच्या टिपणाला कार्यक्रमपत्रिकेत हिशेबांनंतर लगेच स्वतंत्र क्रमांक. पहिल्या दोन्हींबद्दल मी कंपनीला लिहिले असून उत्तराची वाट पाहत आहे. तिसरी मात्र आमच्या समितीच्याच हातात आहे.