कार्पोरेशनची शाळा की खाजगी इंग्रजी: नागपुरात पोरांना टाकायच्या आधी हे बघा

माझी मोठी मुलगी चौथीपर्यंत मानेवाड्याकडच्या एका खाजगी इंग्रजी शाळेत होती, आता ती कार्पोरेशनच्या शाळेत सातवीत आहे. धाकटा पहिलीपासूनच कार्पोरेशनच्या शाळेत. आणि नणंदेचा मुलगा आरटीईच्या, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याच्या, 25 टक्के राखीव जागांतून खाजगीत फुकट शिकून राहिला. म्हणजे तिन्ही गोष्टी आमच्या एकाच घरात बघून झाल्या. दरवर्षी होळी झाली की कोणी ना कोणी विचारतंच, ताई पोराला कुठं टाकू, म्हणून यावेळी सगळं एकदाच लिहून टाकते.

माझं मत आधीच सांगते. घराजवळ मनपाची चांगली चालणारी शाळा असेल तर पहिला विचार तिचा करा, आणि खाजगीत टाकायचंच असेल तर पहिलीची फी बघून नाही, दहावीपर्यंतची बेरीज करून मग टाका. आम्ही ती बेरीज केली नव्हती. पहिलीला फी 28 हजार होती, आमचे हे म्हणाले जमते आपल्याला, ओव्हरटाइम करतो. मग बस वेगळी, पुस्तकं-वह्या शाळा सांगेल त्याच दुकानातून, दोन प्रकारचे गणवेश, स्नेहसंमेलनाचा ड्रेस भाड्यानं, आणि दरवर्षी फी थोडी थोडी वर. चौथीत दोन हप्ते थकले तर मुलीचं प्रगतिपुस्तक अडवून ठेवलं आणि वर्गात सगळ्यांसमोर तिचं नाव घेतलं. पोरगी घरी येऊन दप्तर न काढता तशीच बसून राहिली होती, ते मी विसरू शकत नाही. कायदा आहे हो, 2011 चा फी नियमनाचा, फी पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीसमोर ठेवावी लागते, पण तक्रार करायची तर 25 टक्के पालक सोबत लागतात, आणि पोराचं नाव पुढं येईल म्हणून कोणी सही करत नाही.

मनपाच्या शाळेत आठवीपर्यंत फी हा विषयच नाही. बालभारतीची पुस्तकं फुकट, गणवेश फुकट, बूट-मोज्याची पण योजना आहे. गणवेश कधी उशिरा येतो हे खरं, एका वर्षी आमच्या शाळेत दिवाळी जवळ आली तेव्हा आला, तोवर पोरं घरच्या कपड्यात. पण त्यासाठी कोणी पोराला उभं केलं नाही.

शाळेत दुपारी मिळणाऱ्या फुकट जेवणाबद्दल थोडं जास्त लिहिते कारण लोक खिचडीवर नाक मुरडतात. पहिली ते पाचवीच्या मुलाला रोज 450 कॅलरी आणि 12 ग्रॅम प्रथिनं, सहावी ते आठवीला 700 कॅलरी आणि 20 ग्रॅम, असा ठरलेला हिशोब आहे, तांदूळ लहानांना 100 ग्रॅम मोठ्यांना 150. वरणभात, खिचडी, मटकीची उसळ असं आलटूनपालटून. मी सकाळी सातला कामावर निघते, डबा भरायला वेळ झालाच नाही तर जीव टांगणीला नाही लागत की पोरगं उपाशी आहे. आणि दुसरं एक, सगळे एका ओळीत बसून एकच जेवतात. खाजगीत माझी मुलगी डबा झाकून खायची, बाजूच्या मुलीच्या डब्यात पनीर असायचं म्हणून. हे पैशात मोजता येत नाही पण तुम्ही निर्णय घेताना मोजा.

आता शिक्षक. लोकांना वाटतं की खाजगीतले मास्तर भारी आणि कार्पोरेशनचे नुसते खुर्ची गरम करणारे. कागदावर पात्रता दोघांनाही सारखीच लागते, डीएड किंवा बीएड आणि टीईटी ही शिक्षक पात्रता परीक्षा. फरक पुढं आहे. मनपात कायमची भरती सरकारच्या शिक्षक भरतीच्या पवित्र पोर्टलवरून परीक्षेच्या मार्कांवर होते, पगार सरकारी वेतनश्रेणीचा, म्हणून माणूस टिकतो. आमच्या त्या खाजगी शाळेत मुलीच्या तिसरीत एका वर्षात तीन वर्गशिक्षिका बदलल्या, कारण पगार इतका कमी की दुसरीकडं दोन हजार जास्त मिळाले की मॅडम गेल्या. पोरीला नवीन मॅडमचं नाव पाठ होईस्तोवर त्यापण गेल्या. इकडं धाकट्याच्या मॅडम त्याच शाळेत कितीतरी वर्षं आहेत, वस्तीतल्या घराघरात ओळख, पोरगं दोन दिवस दिसलं नाही तर फोन येतो, काहून नाही आला म्हणून.

पण इथंच मनपाची दुखरी बाजू पण आहे आणि ती लपवून उपयोग नाही. निवडणूक आली की शिक्षक गेले, मतदार यादीचं काम आलं की गेले, जनगणना आली की गेले. आरटीईच्या कायद्यात निवडणूक, जनगणना, आपत्ती एवढ्या कामांची मुभाच आहे. आणि रिटायर झालेल्यांच्या जागा पटकन भरत नाहीत, मग एका मॅडमकडं दोन वर्ग. पटसंख्या कमी झालेल्या शाळेत तर दुसरी-तिसरी एकत्रच बसवतात. म्हणून मी 'मनपाची शाळा चांगली' असं सरसकट म्हणत नाही, 'ही शाळा चांगली' असं म्हणते. एकाच झोनमध्ये एका शाळेत पोरं मावत नाहीत आणि दुसऱ्या शाळेचा पट घसरून घसरून ती बंद पडायला आली, असं दोन्ही दिसेल.

मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते मनपा एवढी मोठी असणं, आणि यावर कोणी बोलतच नाही. खाजगी शाळा म्हणजे एक इमारत आणि एक संस्थाचालक, तिथं पटलं नाही तर दार एकच, बाहेरचं. नागपूर कार्पोरेशन 1951 पासूनची आहे, शहरात 10 झोन, आणि शाळा मराठी, हिंदी, उर्दू, इंग्रजी चारही माध्यमांच्या. टेका नाक्याला जीएम बनातवाला इंग्रजी शाळा मनपाचीच आहे. मुंबई-पुण्यात महापालिकेच्या शाळा चालवणारं आकांक्षा फाउंडेशन नागपुरात पण मनपासोबत इंग्रजी शाळा चालवतं, रामनगरची त्यातलीच. म्हणजे इंग्रजीच पाहिजे तर फुकटात इंग्रजी माध्यम पण आहे, हे कित्येकांना माहीतच नाही, डायरेक्ट खाजगीचा फॉर्म भरतात.

मोठं असण्याचा फायदा आम्हाला खोली बदलली तेव्हा कळला. मानेवाडा सोडून आम्ही पारडीकडं आलो, घरमालकानं भाडं वाढवलं म्हणून, आणि तेही नोव्हेंबरात. खाजगीत असतो तर नवीन शाळेची अॅडमिशन फी, उरलेल्या वर्षाची फी, नवीन गणवेश, आणि जुनी शाळा बाकी भरल्याशिवाय टीसी देत नाही. धाकट्याला एका मनपा शाळेतून दुसऱ्या मनपा शाळेत टाकायला आम्हाला दोन चकरा लागल्या, तिसऱ्या दिवशी तो वर्गात होता, तीच पुस्तकं, तोच गणवेश. कायदा पण तसाच आहे, टीसी यायला उशीर झाला म्हणून प्रवेश अडवता येत नाही आणि वर्षाच्या मधात पण नाही म्हणता येत नाही. भाड्यानं राहणाऱ्या, कळमना मार्केटला हमाली करणाऱ्या, बांधकामावर जाणाऱ्या माणसासाठी ही किती मोठी गोष्ट आहे, ज्याला दर दोन वर्षांनी सामान उचलावं लागतं त्यालाच समजते.

मोठ्या व्यवस्थेत हुशार पोराला वर काढायची पण सोय होते. मनपानं 2021 मध्ये 'सुपर 75' सुरू केलं, आपल्याच शाळांतली हुशार मुलं निवडून त्यांना इंजिनिअरिंग, मेडिकल, एनडीएची तयारी फुकट. बाहेर क्लासेसचे रेट विचारून या, मग याची किंमत कळेल.

आणि एक गोष्ट जी मला पाचवीच्या अॅडमिशनपर्यंत कोणी सांगितली नव्हती. आठवीत एनएमएमएस ही केंद्र सरकारच्या शिष्यवृत्तीची परीक्षा असते, पास होऊन यादीत आलं तर नववी ते बारावी वर्षाला 12 हजार, म्हणजे चार वर्षांत 48 हजार मुलाच्या खात्यात. घरचं उत्पन्न साडेतीन लाखाच्या आत पाहिजे. पण ही शिष्यवृत्ती फक्त सरकारी, मनपा-जिल्हा परिषदेच्या आणि अनुदानित शाळेतल्या मुलांनाच, विनाअनुदानित खाजगीतल्या मुलाला ती परीक्षाच देता येत नाही, घरची परिस्थिती कितीही गरीब असो. नणंदेचा मुलगा गणितात पक्का आहे, पण तो यात बसत नाही.

तिच्याच मुलावरून आरटीईचं पण सांगते, कारण बरेच जण मनपा की आरटीई अशा पेचात असतात. 2024 मध्ये 1 किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खाजगी शाळांना 25 टक्क्यांतून सूट, असा नियम आला होता, तो हायकोर्टानं त्याच वर्षी जुलैत रद्द केला, त्यामुळं या जागांची लॉटरी आधीसारखीच चालू आहे. नंबर लागला तर शाळा खरंच चांगली असेल तर घ्या, मी नाही म्हणणार नाही. पण तीन गोष्टी धरून चाला. फीमाफी आठवीपर्यंतच, नववीपासून पूर्ण फी तुमच्या खिशातून. नणंदेला पुस्तकं-गणवेशाचे पैसे पदरचेच लागले. आणि पोराला वर्गात तू फुकटवाला असं ऐकावं लागतं की काय याकडं लक्ष ठेवा, पोट्टे घरी सांगत नाहीत. नणंद आतापासून नववीसाठी भिशी लावून बसली आहे.

इंग्रजीचा प्रश्न उरला, आणि खरं तर तिथंच सगळ्यांचं गाडं अडतं. सासूबाई पण मला म्हणाल्या होत्या, "काहून काढून राहिली बाई इंग्रजीतून, लोक का म्हणतील?" मी खोटं नाही सांगणार, चांगल्या खाजगी शाळेतली मुलं इंग्रजी बोलतात फडफड, आणि ते मनपाच्या मराठी शाळेतून तसं येत नाही, घरी मेहनत करावी लागते. पण आपल्या बजेटमध्ये बसणारी खाजगी इंग्रजी शाळा ही ती चांगली शाळा नसते, हे आधी समजून घ्या. गल्लीतल्या दोन मजली शाळेत मॅडमलाच इंग्रजी नीट येत नसते, मग सगळं पाठांतर. माझी मुलगी चौथीत फोटोसिंथेसिसचं स्पेलिंग बिनचूक लिहायची आणि ते म्हणजे काय विचारलं तर गप्प. पाचवीत सेमी इंग्रजीला टाकली, गणित-विज्ञान इंग्रजीतून, बाकी मराठीतून. पहिले चार-पाच महिने मराठी वाचताना अडखळायची, जोडाक्षरं तर फारच जड गेली, मी रोज रात्री बाजूला बसून पेपर वाचून घ्यायची. आता ती झाड अन्न कसं बनवतं ते आजीला मराठीत समजावून सांगते आणि पेपर इंग्रजीत लिहिते.

खाजगी कोणासाठी बरी, तेही सांगते. नोकरी बदलीची असेल, आज नागपूर उद्या रायपूर, तर सीबीएसईच बरी, केंद्रीय विद्यालयात नंबर लागत असेल तर उत्तमच. आई-बाप दोघं कमावते, दहावीपर्यंतची फी न कर्ज काढता निघते, शाळेला मोठं मैदान आणि टिकलेले शिक्षक आहेत, तर बिनधास्त टाका. नर्सरी-केजीसाठी पण खाजगीवाले पुढे आहेत, मनपाच्या बऱ्याच शाळा पहिलीपासूनच, त्याआधी अंगणवाडी. आणि मधला रस्ता म्हणजे जुन्या अनुदानित शाळा, हडस, सोमलवार अशी नावं नागपुरात सगळ्यांना माहीत आहेत, पण अशा नावाजलेल्या शाळांच्या जागा लवकर भरतात, मिळाली तर सोडू नका.

मनपाची शाळा बघायला जाल तर नुसता बोर्ड बघून परत येऊ नका. जेवणाच्या सुट्टीत जा, ताट बघा, मग संडास बघा, मुलींचा खास करून, पाणी आहे का, कडी लागते का. तिसरीतल्या कोणत्याही पोराला बालभारतीचं एक पान वाचायला सांगा, मॅडमनी निवडलेल्या पोराला नाही. मुख्याध्यापकांना विचारा की कायमचे शिक्षक किती आणि पट किती, पहिली ते पाचवीला 30 मुलांमागे एक शिक्षक पाहिजे. शाळेचा यूडायस नंबर, म्हणजे सरकारनं शाळेला दिलेला ओळख क्रमांक, मागा, मोबाइलवर त्या नंबरनं शाळेची माहिती निघते, सांगितलेलं आणि लिहिलेलं जुळतं का बघा. सातवी-आठवीनंतर पोरं कोणत्या हायस्कूलला जातात तेपण विचारा. आणि शाळा व्यवस्थापन समितीतल्या एखाद्या आईचा नंबर घ्या, या समितीत चारात तीन जण पालक असावे लागतात आणि निम्म्या बायका. मी दोन वर्षं समितीत आहे, मुलींच्या संडासाची कडी आणि पाण्याची टाकी आम्हीच मागे लागून करून घेतली, चार अर्ज आणि झोन ऑफिसच्या सहा चकरा. खाजगीत मला गेटच्या आत यायला पण वॉचमनला चिठ्ठी दाखवावी लागायची.

हे सगळं मार्चमध्येच करून घ्या. आपल्याकडं उन्हामुळं विदर्भातल्या शाळा बाकी महाराष्ट्रानंतर, जूनच्या शेवटाकडं उघडतात, आणि मे महिन्यात गेलात तर कुलूप दिसेल. पहिलीसाठी 31 डिसेंबरपर्यंत 6 वर्षं पूर्ण पाहिजेत. जन्माचा दाखला हाताशी नसेल तर त्यासाठी थांबू नका, वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, पोराला घेऊन जा आणि नाव लिहून घ्यायला लावा.