सकाळची खडखड: नुसता टेन्शनर, की अख्खं चेन किट?

गाडी दोन लाख किलोमीटर ओलांडून गेलीय. सकाळी पहिल्या स्टार्टला पत्र्याच्या डब्यात खिळे हलवल्यासारखा आवाज येतो आणि दोन गॅरेजवाल्यांनी दोन वेगळी उत्तरं दिलीत. एक म्हणतो टायमिंग चेन ताणून धरणारा टेन्शनर टाकू, दुसरा म्हणतो पुढची बाजू सगळी उघडून चेनही बदलावी लागेल. अशा पेचात असाल तर हे तुमच्यासाठी.

उदाहरण घेतोय 1248 सीसीच्या मल्टिजेट डिझेलचं. मूळ फियाटचं हे इंजिन स्विफ्ट, डिझायर, इंडिका व्हिस्टा, पुंटो, लिनिया अशा कितीतरी गाड्यांत बसलं. पुण्याजवळ रांजणगावातही ते तयार व्हायचं. एप्रिल 2020 पासून मारुतीने डिझेल बंद केलं, त्यामुळे आज रस्त्यावर असलेल्या यातल्या बहुतेक गाड्या भरपूर पळालेल्या आहेत. माझीही त्यातलीच. मी चेन बदलली तेव्हा मीटरवर 2,14,000 होते.

टायमिंग म्हणजे पिस्टनला जोडलेला क्रँक आणि वॉल्व्ह उघडणारा कॅम यांचा मेळ. ज्या इंजिनात त्यासाठी पट्टा असतो, त्याला तो कधी बदलायचा हे पुस्तकात छापलेलं असतं. चेनला सहसा असा आकडा नसतो, म्हणून ती जन्मभर पुरते असा समज पसरला. ती पुरतेही, पण ऑइल वेळेवर बदललं तर. चेनचं लोखंड रबरासारखं ताणलं जात नाही. प्रत्येक कडीतली पिन आणि तिच्याभोवतीचं बुश झिजतं. डिझेलची काजळी मिसळलेलं जुनं ऑइल तिथे बारीक पॉलिश पेपरासारखं काम करतं. प्रत्येक कडीला केसभर झीज झाली, तरी सगळ्या कड्यांची मिळून चेन लांब होते. टेन्शनर ऑइलच्या दाबावर पुढे सरकून ती ढील भरून काढतो, पण त्याची धाव कुठेतरी संपतेच.

पर्याय पुढे पाहू. आधी आवाज नक्की चेनचाच आहे का, हे ठरवा. इथे घाई करून लोक सर्वात जास्त पैसे घालवतात.

गाडी रात्रभर उभी ठेवा आणि सकाळी बॉनेट उघडून दुसऱ्या कुणाला तरी स्टार्टर मारायला सांगा. दोन-तीन सेकंद खडखड होऊन गप्प झाली, तर टेन्शनरमधलं ऑइल रात्रीत उतरतंय किंवा ऑइल फिल्टर हलका आहे, असा संशय घ्या. इंजिन गरम झाल्यावरही आयडलला आवाज राहत असेल, तर चेन आणि गाईड (चेनला वळण देणाऱ्या प्लास्टिकच्या पट्ट्या) झिजल्याची शक्यता मोठी. क्लच दाबल्यावर आवाज बदलला, तर गिअरबॉक्सच्या बाजूला बघा. अल्टरनेटरचा पट्टा काढून इंजिन काही सेकंदच चालवा (याच पट्ट्यावर पाण्याचा पंप फिरतो, म्हणून जास्त नाही). आवाज गेला तर दोषी त्या पट्ट्यावरची पुली, अल्टरनेटर किंवा पंप आहे, चेन नाही. वरून येणारी बारीक टिकटिक बहुतेक वेळा टॅपिटची, म्हणजे वॉल्व्हजवळच्या भागाची असते. एकेका इंजेक्टरचा वायरचा प्लग काढल्यावर ठोका थांबला, तर तो इंजेक्टरचा. मग लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक टायमिंग कव्हरवर आणि मूठ कानाला लावा. या इंजिनात हे कव्हर ड्रायव्हरच्या बाजूला असतं. तिथे आवाज सर्वात स्पष्ट आला, तर शंका उरत नाही. स्कॅनरवर पी 0016 कोड असेल तर कॅम आणि क्रँकचा मेळ बिघडलाय, मग गाडी चालवत गॅरेजलाही नेऊ नका, टो करा.

आता पर्याय.

पहिला, नुसतं ऑइल आणि चांगला फिल्टर बदलून थांबणं. दोन-तीन सेकंदांची खडखड असेल आणि डिपस्टिकवर ऑइल कमी निघालं असेल, तर हाच पहिला उपाय. सर्वात स्वस्तही आहे. आठवड्यात फरक पडला नाही तर पुढे जा. ‘जाड ऑइल टाकू, आवाज जाईल’ असं कुणी म्हणालं तर नको म्हणा. आवाज दबतो, पण थंड इंजिनात जाड ऑइल चेनपर्यंत आणि टर्बोपर्यंत उशिरा पोहोचतं.

दुसरा, फक्त टेन्शनर. काही गाड्यांत तो बाहेरून निघतो, तिथे हा विचार ठीक आहे. मल्टिजेटमध्ये तो टायमिंग कव्हरच्या आत असतो. म्हणजे इंजिनचं माउंटिंग, क्रँक पुली, चेंबर (तळाची ऑइलची टाकी), कव्हर हे सगळं उतरवायचंच. मजुरी जवळजवळ पूर्ण कामाचीच लागते आणि आत जुनी लांबलेली चेन तशीच राहते. नवा टेन्शनर तिला काही महिने ताणून धरेल, मग पुन्हा तीच मजुरी.

तिसरा, पूर्ण किट: चेन, गाईड, टेन्शनर, स्प्रॉकेट (चेन फिरवणारी दातेरी चाकं), सील. गाडी आणखी दोन-तीन वर्षं ठेवायची असेल तर माझा कौल निःसंशय यालाच. माझ्या कामाच्या वेळी मिस्त्रींनी जुनी आणि नवी चेन एकाच खिळ्याला शेजारी शेजारी टांगली. कड्या सारख्याच, पण जुनी गव्हाच्या दाण्याच्या जाडीएवढी खाली लोंबत होती. “दादा, एवढ्यावरच दात उडतो,” ते म्हणाले, म्हणजे चेन स्प्रॉकेटचा एक दात सोडून पुढे घसरते. चेंबरमधली ऑइल ओढायची जाळी काढली तर तिच्यात गाईडच्या प्लास्टिकचे काळे तुकडे अडकलेले. ती जाळी बुजली की ऑइलचा दाब पडतो, टर्बो आणि बेअरिंगही त्याच वाटेने जातात. नुसत्या टेन्शनरवर काम उरकलं असतं आणि चेंबर घाईत परत बसवला असता, तर ते तुकडे तिथेच राहिले असते.

चौथा, जुन्या बाजारातलं दुसरं इंजिन. चेन तुटून वॉल्व्ह वाकले, रॉकर तुटले, तरच. त्या इंजिनातली चेन किती पळालीय हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं, शिवाय इंजिन नंबर बदलला म्हणून आरटीओत आरसीवर नोंद करावी लागते.

काम कुणाकडे द्यायचं? शोरूम महाग, बाहेरचा मिस्त्री स्वस्त, हे सगळ्यांना माहीत आहे. मी एकच प्रश्न विचारतो: कॅम आणि क्रँक लॉक करायचं टूल आहे का? टूल नसलेला माणूस व्हाइटनरने खुणा करतो. पण जुन्या लांबलेल्या चेनमुळे कॅम आधीच मागे पडलेला असतो, आणि त्या खुणा तीच चूक नव्या चेनवर उतरवतात. टूल असलेला बाहेरचा मिस्त्री मिळाला, तर मला तो शोरूमपेक्षा पटतो, कारण तो काम समोर उभं राहून बघू देतो.

काम होईपर्यंत गाडीला धक्का स्टार्ट अजिबात देऊ नका. ढिली चेन त्याच झटक्यात दात सोडते. किट घेताना डब्यावरचा पार्ट नंबर गाडीच्या चेसिस नंबराशी जुळवून घ्या, आणि गाडी टाकतानाच सांगा की जुनी चेन, गाईड आणि टेन्शनर पिशवीत भरून परत हवेत.